स्मार्ट टीव्ही वाय-फायला जोडला जातो, पण इंटरनेट चालत नाही: जुन्या चिऱ्यांच्या घरासाठी मार्गदर्शन हवे

प्रश्न (फोंडा तालुका)

नमस्कार. आमचे घर जुने, चिऱ्यांचे आहे; मध्ये राजांगण (उघडा चौक) आणि त्याच्या चारही बाजूंना खोल्या. फायबरची जोडणी समोरच्या खोलीत येते आणि राउटरही तेथेच रस्त्याच्या बाजूच्या भिंतीवर बसवलेला आहे. टीव्ही मात्र माजघरात आहे, कारण आईला गुडघ्यांच्या दुखण्यामुळे समोरच्या खोलीपर्यंत वारंवार ये-जा करणे जमत नाही. मराठी नाटके आणि कीर्तने पाहणे हा तिचा संध्याकाळचा मोठा विरंगुळा आहे, म्हणून चतुर्थीपूर्वी अँड्रॉइड प्रणालीचा नवा टीव्ही घेतला.

अडचण अशी आहे की टीव्हीला आमच्या वाय-फायचे नाव दिसते, पासवर्डही स्वीकारला जातो, पण ‘जोडले आहे, इंटरनेट नाही’ असा संदेश येतो. वीज जाऊन आली की हे हमखास घडते. इतर वेळी सकाळी चित्र व्यवस्थित चालते, तर संध्याकाळी ते थांबून थांबून येते आणि कधी कधी जोडणीच तुटते. त्याच खोलीत माझा मोबाइल मात्र, जरा संथ का होईना, चालतो. टीव्हीच्या तंत्रज्ञाने टीव्ही उत्तम असल्याचे सांगितले, इंटरनेटवाल्यांनी त्यांची लाइन उत्तम असल्याचे सांगितले आणि दुकानदाराने अधिक शक्तिशाली राउटर घेण्याचा सल्ला दिला. आणखी खर्च करण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे कसे ओळखावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (म्हापसा)

ताई, राउटर विकत घेण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. घरोघरी नेटवर्क बसवण्याचे काम मी करतो आणि माझा अनुभव असा आहे की दोष कोठे आहे हे न पाहता घेतलेली वस्तू बहुतेक वेळा वाया जाते. तुम्ही सांगितलेली दोन लक्षणे, म्हणजे वीज गेल्यानंतर इंटरनेट नाहीसे होणे आणि संध्याकाळी चित्र अडखळणे, ही एकाच बिघाडाची आहेत असेही धरून चालू नये.

सर्वप्रथम मोबाइलचा हॉटस्पॉट (मोबाइलचे इंटरनेट वाय-फायने इतरांना देण्याची सोय) सुरू करून टीव्ही त्याला जोडून पाहा. ही एवढी एक चाचणी निम्मा गोंधळ दूर करते: हॉटस्पॉटवरही टीव्ही ‘इंटरनेट नाही’ असेच म्हणत असेल, तर दोष टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये आहे, हॉटस्पॉटवर चालून घरच्या वाय-फायवर चालत नसेल, तर दोष राउटरमध्ये, दोघांमधल्या वाटेत किंवा बाहेरून येणाऱ्या लाइनमध्ये आहे. लाइनची परीक्षा राउटरजवळ उभे राहून मोबाइलवर, मोबाइल डेटा बंद ठेवून करावी. फायबरच्या पेटीवर ‘लॉस’ (LOS) असे लिहिलेला दिवा लाल दिसत असेल, तर प्रकाशाचा संकेतच पोहोचत नाही असे समजावे आणि घरातील काहीही न छेडता तक्रार नोंदवावी.

त्यानंतर टीव्हीच्या नेटवर्क माहितीत आयपी पत्ता (नेटवर्कवरील उपकरणाचा क्रमांक) पाहा. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर बहुतेक घरी राउटरने टीव्हीला पत्ता दिलेला आहे असा अर्थ होतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता न मिळाल्याने टीव्हीने तो स्वतःच धारण केलेला असतो. अशा वेळी टीव्हीवरून ते नेटवर्क ‘विसरा’ करून पुन्हा जोडावे. पत्ता योग्य असूनही काही उघडत नसेल, तर डीएनएसच्या (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या) जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ घालून पाहण्यास हरकत नाही.

तुमच्या बाबतीत मला सर्वाधिक संशय तारखेचा आहे. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ आपले प्रमाणपत्र सादर करते आणि ते अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंतच वैध असते. वीज गेल्यावर काही टीव्हींचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. त्या जुन्या तारखेनुसार पाहिले तर आजचे प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नसते, म्हणून टीव्ही ते नाकारतो आणि वाय-फाय ठणठणीत असतानाही इंटरनेट नाही असे सांगतो. मोबाइलला वेळ त्याच्या नेटवर्ककडून मिळत असल्याने त्याला ही बाधा होत नाही. सेटिंग्जमध्ये तारीख व वेळ तपासा. काही टीव्हींवर वेळ ‘प्रसारणातून’ घेण्याचा पर्याय निवडलेला असतो. परंतु टीव्हीला अँटेना नसून सगळे सेट-टॉप बॉक्समधून येत असेल, तर ती वेळ कधीच मिळत नाही. तेथे ‘नेटवर्कची वेळ’ निवडावी.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. रिमोटने टीव्ही बंद केला म्हणजे तो खऱ्या अर्थाने बंद होत नाही, केवळ निजतो. वीज आल्यानंतर टीव्ही, राउटर आणि फायबरची पेटी एकाच वेळी जाग्या होतात आणि पेटीला लाइन मिळवण्यास काही मिनिटे लागतात. तोवर टीव्हीने प्रयत्न करून हार मानलेली असते. म्हणून टीव्हीचा प्लग काढून, पेटी आणि राउटरचे दिवे स्थिर होऊ द्यावेत आणि मगच तो पुन्हा लावावा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज वारंवार जाते हे लक्षात घेता, राउटर आणि पेटीसाठी छोटा यूपीएस ठेवणे मला फार उपयुक्त वाटते. बहुतेक घरगुती राउटर १२ व्होल्टवर चालतात, तरी घेण्यापूर्वी दोन्ही उपकरणांच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर पाहून घ्यावेत.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे केले. हॉटस्पॉटवरही तोच संदेश आला, आणि तारीख पाहिली तर ती खरोखरच कित्येक वर्षे मागची होती. वेळेचा पर्याय ‘प्रसारण’ असाच होता. तो बदलल्यावर तारीख आपोआप सुधारली आणि इंटरनेट लगेच सुरू झाले. त्यानंतर वीज जाऊन आली तरी तो संदेश पुन्हा आलेला नाही.

संध्याकाळचा त्रास मात्र कायम आहे. हॉटस्पॉटवर संध्याकाळी चित्र अखंड चालते. राउटरजवळ बसून मोबाइलवर पाहिले तर तेथेही उत्तम चालते. केवळ माजघरातील टीव्हीवर, घरच्या वाय-फायवर ते अडते. आमच्या राउटरवर वाय-फायचे एकच नाव दिसते.

उत्तर (सत्तरी)

आपण केलेल्या परीक्षेतून टीव्ही आणि लाइन दोन्ही निर्दोष ठरल्या. राहिली ती मधली वाट, आणि आपल्या प्रकारच्या घरात ती वाटच बिकट असते. माझे घरही असेच असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्याकडचा चिरा म्हणजे जांभा दगड. त्यात लोहाचे प्रमाण मोठे असते आणि तो सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो. जुन्या घरांच्या भिंती शहरातील विटांच्या भिंतींपेक्षा कितीतरी जाड असतात. जाडी आणि ओल या दोन्हींमुळे वाय-फायच्या लहरी क्षीण होतात, आणि राउटरच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींपेक्षा लवकर थकतात. ५ गिगाहर्ट्झचा वेग अधिक, पल्ला कमी, २.४ चा वेग कमी, पण भिंतीपलीकडे पोहोचण्याची क्षमता अधिक. आपल्या राउटरने दोन्हींना एकच नाव दिलेले दिसते. अशा वेळी टीव्ही कधी दुबळ्या ५ ला चिकटून राहतो आणि कधी दोन्हींमध्ये हेलकावे खातो. ब्राउझरमधून राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर जाऊन (पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो आणि राउटरच्या तळाशी छापलेला असतो) दोन्हींना वेगळी नावे द्यावीत आणि टीव्ही २.४ ला जोडून पाहावा.

वेग कमी पडेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. फुल एचडी चित्रासाठी नेटफ्लिक्स ५ एमबीपीएस आणि ४के चित्रासाठी १५ एमबीपीएस वेगाची शिफारस करते. स्थिर मिळाला तर एवढा वेग २.४ वरही पुरेसा मिळतो. संध्याकाळी त्रास वाढण्याचे कारण बहुधा हे असावे की त्या वेळी घरातील सर्वांचे मोबाइल एकाच राउटरवर असतात, आणि दूर बसलेल्या, क्षीण संकेत मिळणाऱ्या टीव्हीला त्या गर्दीत सर्वांत आधी फटका बसतो. शेजारी घरे जवळ असतील तर त्यांच्या राउटरांचीही भर पडते, त्यासाठी २.४ वर १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळे चॅनल निवडावे, कारण हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात काम करतो, तेव्हा तो टीव्हीजवळ असल्यास हलवावा.

परंतु या सर्वांहून मोठा उपाय आपल्या घराच्या रचनेतच आहे. रस्त्याच्या बाजूच्या भिंतीवर राउटर बसवला, तर त्याचा बराचसा संकेत रस्त्याकडे जातो आणि माजघराकडे येणाऱ्याला एकामागून एक चिऱ्यांच्या भिंती भेदाव्या लागतात. तोच राउटर राजांगणाकडे उघडणाऱ्या खिडकीजवळ, छातीहून उंच ठेवला, तर मधली मोकळी जागा ओलांडून संकेत समोरच्या लाकडी दारा-खिडकीतून आत शिरतो. दार, खिडकी आणि हवा यांतून जाणारी वाट भिंतींमधून जाणाऱ्या वाटेपेक्षा नेहमीच चांगली. लोखंडी कपाट, फ्रिज आणि मोठा आरसा यांच्यामागे राउटर ठेवू नये. टीव्हीच्या थेट मागच्या बाजूसही ठेवू नये, कारण तेथील धातूचा पत्रा संकेत अडवतो.

कायमचा उपाय विचाराल तर मी नि:संकोचपणे केबल सांगेन. टीव्हीच्या मागे नेटवर्क केबलचे पोर्ट असेल तर पाहावे. ते बहुधा १०० एमबीपीएसचेच असते, तरीही चित्रपट पाहण्यासाठी आवश्यक त्याच्या कितीतरी पट आहे. साध्या कॅट ६ केबलची मर्यादा १०० मीटर आहे, त्यामुळे एवढ्या घरात लांबीची चिंता नाही. केबल पूर्ण तांब्याची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची स्वस्त केबल आपल्या खाऱ्या, दमट हवेत मला टिकाऊ वाटत नाही. दुकानात पुष्कळदा रिपीटर सुचवला जातो. तो हवेतूनच ऐकतो आणि हवेतूनच पुढे सांगतो, त्यामुळे एकाच पट्ट्यावर चालणाऱ्या साध्या रिपीटरमध्ये वेग सुमारे निम्मा होतो, आणि तो ज्या जागी ठेवायचा तेथेच संकेत क्षीण असेल तर क्षीणच पुढे जातो. त्याऐवजी तीच केबल माजघरात नेऊन तेथे दुसरा छोटा ॲक्सेस पॉइंट (केबलवरून आलेले इंटरनेट वाय-फायने देणारे उपकरण) लावला, तर टीव्हीबरोबर स्वयंपाकघरातील मोबाइलही सुधारतात.

उत्तर (पेडणे)

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. थोडीशी भर घालतो. राउटरच्या पानावर गेलातच, तर सुरक्षेचा प्रकार पाहून घ्या. केवळ डब्ल्यूपीए३ (वाय-फाय सुरक्षेची नवी पद्धत) निवडलेले असेल, तर अनेक जुने टीव्ही पासवर्ड बरोबर असूनही जोडले जात नाहीत. डब्ल्यूपीए२ (आधीची पद्धत) किंवा दोन्हींचे मिश्रण ठेवावे. जोडणी सोपी व्हावी म्हणून पासवर्डच काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात, तो कृपया मानू नये. आपल्या नेटवर्कवरून दुसऱ्याने काही गैर केले, तर विचारणा आपल्याकडे होते.

पुढे मोबाइलवरचे चित्र टीव्हीवर पाठवायचे असेल, तर दोन्ही एकाच राउटरच्या नेटवर्कवर असावे लागतात. नावे वेगळी केल्यानंतर मोबाइल ५ वर आणि टीव्ही २.४ वर असला, तरी बहुतेक राउटरांवर ते एकमेकांना दिसतात. पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ नेटवर्कवर मात्र उपकरणे मुद्दाम एकमेकांपासून तोडलेली असतात. टीव्ही त्यावर जोडलेला असेल, तर मोबाइलला तो सापडणार नाही.

प्रश्नकर्ती

नावे वेगळी केली आणि टीव्ही २.४ वर घेतला. तेवढ्यानेच बराच फरक पडला. नंतर फायबरची पेटी होती तेथेच ठेवून, लांब केबलने राउटर राजांगणाच्या खिडकीपर्यंत आणला, आणि आता टीव्हीवर संकेताच्या सर्व रेषा दिसतात. काल आईने पूर्ण नाटक एकदाही न थांबता पाहिले. नवा राउटर घेतला नाही.

पाऊस सरल्यावर माजघरापर्यंत केबल टाकण्याचा विचार पक्का केला आहे. राजांगणाच्या पागोळ्यांखालून ती न्यावी लागेल आणि माजघराच्या भिंतीला छिद्र पाडावे लागेल. त्याविषयी काही काळजी घ्यावी का?

उत्तर (म्हापसा)

जरूर घ्यावी. केबल उघडी न सोडता पीव्हीसी नळीतून, वाशांच्या आतल्या बाजूने न्यावी आणि विजेच्या तारांपासून अंतर ठेवावे. नुसती कॅट ६ न मागता बाहेरच्या वापराची, काळ्या आवरणाची केबल मागावी. छिद्र पाडताना ते आतून बाहेरच्या दिशेने किंचित उतरते ठेवावे, आणि केबल आत शिरण्याआधी तिला बाहेर खाली झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते आणि चिऱ्यात मुरत नाही. छिद्राभोवती सिलिकॉन भरून घ्यावे. गडगडाटाची चिन्हे दिसताच, तो सुरू होण्यापूर्वीच, टीव्हीचा विजेचा प्लग आणि नेटवर्कची केबल दोन्ही काढून ठेवावीत, कारण जवळ वीज पडली तर तिचा झटका लांब तांब्याच्या केबलमधूनही टीव्हीपर्यंत पोहोचू शकतो.