निवृत्त फुटबॉलपटूंच्या स्वाक्षऱ्या टपालाने मागवताना

करवीरवासी:

नमस्कार. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने पाहत लहानाचा मोठा झालो. गेल्या दीड वर्षापासून भारताकडून खेळलेल्या जुन्या फुटबॉलपटूंना पत्रे लिहून त्यांच्या स्वाक्षऱ्या मागवत आहे. आजवर अकरा पत्रे पाठवली. चारांची उत्तरे आली, दोन पाकिटे ‘या पत्त्यावर राहत नाहीत’ असा शेरा मारून परत आली आणि चार पत्रांचे पुढे काय झाले ते कळले नाही.

उरलेल्या एका पत्राने मात्र मला फार अस्वस्थ केले. माझे पत्र पोहोचण्याच्या तीन आठवडे आधीच ते खेळाडू गेले होते. त्यांच्या मुलीने मी स्वाक्षरीसाठी पाठवलेले कार्ड कोरेच परत पाठवले आणि सोबत चार ओळी लिहिल्या, की बाबांना हे पत्र वाचायला आवडले असते.

तेव्हापासून मनात घाई आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताला चौथे स्थान मिळवून देणाऱ्या संघाचे कर्णधार बद्रू बॅनर्जी २०२२ मध्ये गेले आणि त्याच संघातले गोलरक्षक एस. एस. नारायण त्याच्या आदल्या वर्षी ठाण्यात वारले. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघातील पी. के. बॅनर्जी आणि चुनी गोस्वामी २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये, दीड महिन्याच्या आत, पाठोपाठ गेले. पुढे फोर्तुनातो फ्रांको आणि तुलसीदास बलराम हेही गेले. ठाणे माझ्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर होते आणि मी नारायण यांना एक पत्रही लिहिले नाही, याचे वाईट वाटते.

पत्ते कोठून मिळवावेत, कार्ड पाठवावे की छायाचित्र आणि परदेशी खेळाडूंना लिहिताना परतीच्या टपाल तिकिटाचे काय करावे, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

टपालप्रेमी_पुणे:

करवीरवासी, आपण पत्ता आणि कार्ड यांविषयी विचारले आहे, पण माझ्या अनुभवाने उत्तर येणे किंवा न येणे बहुतेक वेळा पत्राच्या मजकुरावर ठरते. ‘मी आपला मोठा चाहता आहे, कृपया स्वाक्षरी द्यावी’ एवढेच लिहिलेले पत्र कोणालाही पाठवता येते आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळते. चुनी गोस्वामींचे उदाहरण घेऊ. त्यांना जाकार्ताबद्दल लिहिणारे असंख्य असतील, पण १९७१-७२ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध बंगालचे कर्णधारपदही त्यांच्याकडेच होते, हे आठवणीने लिहिणारा मराठी माणूस त्यांच्या लक्षात राहिला असता. एखादा सामना, एखादा गोल, एखादी अडवणूक यांविषयी नेमके लिहावे आणि जमल्यास एक छोटा प्रश्न विचारावा. मला आलेल्या उत्तरांपैकी सर्वांत मोलाचे उत्तर अशाच एका प्रश्नाला आले आहे. एका बचावपटूंनी माझ्याच पत्राच्या मागील कोऱ्या बाजूवर त्या काळच्या चामडी चेंडूविषयी लिहिले, की पावसात तो भिजला म्हणजे त्याची शिवण कपाळाला लागे. स्वाक्षरी त्याखाली, पानाच्या अगदी कडेला आहे.

पत्र हाताने लिहावे आणि एका पानात संपवावे. कार्डे दोनपेक्षा अधिक पाठवू नयेत, कारण चार-पाच कार्डे आली की समोरच्याला ती विकण्यासाठी मागवल्याची शंका येते. जे हरवले तर जीव हळहळेल, असे मूळ छायाचित्र पाठवू नये.

परतीच्या पाकिटावर आपला पत्ता आणि तिकीट हवेच. साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये लागतात, पण छायाचित्र आणि ते दुमडू नये म्हणून घातलेला पुठ्ठा यांचे वजन त्याहून सहज जास्त भरते, तेव्हा पाकीट वजन करूनच तिकिटे लावावीत. पत्र पाठवताना स्पीड पोस्टचा मोह होतो, आणि २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टातच विलीन झाले आहे. तरीही मी साधे टपालच वापरतो. ज्येष्ठ माणसाला सही करून पाकीट घेण्यासाठी दारापर्यंत यावे लागू नये आणि उत्तर मात्र जवळच्या लाल पेटीत टाकता यावे, एवढाच त्यामागचा विचार आहे.

मांडवीकाठ:

पत्त्यांबद्दल. काही संग्राहक खेळाडूंच्या घरच्या पत्त्यांच्या याद्या एकमेकांना देतात. त्या वापरू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. माणसाने आपला पत्ता स्वतः दिलेला नसताना त्याच्या दाराशी पत्र पोहोचावे, हे मला योग्य वाटत नाही. शिवाय त्या याद्या जुन्या असतात. आपली दोन पाकिटे परत आली, त्याचे कारणही कदाचित हेच असेल.

खेळाडू ज्या क्लबकडून खेळला त्या क्लबच्या किंवा राज्य संघटनेच्या पत्त्यावर ‘यांच्यापर्यंत पोहोचवावे’ असे लिहून पाठवावे. पूर्वीचे पुष्कळ खेळाडू रेल्वे, बँका, टाटांसारख्या कंपन्या यांच्या संघांतून खेळत आणि तेथेच नोकरी करत, त्यामुळे तिथल्या क्रीडा विभागात त्यांना ओळखणारे कोणीतरी भेटते. वेळ लागतो, मला एक उत्तर सात महिन्यांनी आले.

आणखी एक सुचवतो. सगळे जण गोल करणाऱ्यांनाच लिहितात. गोलरक्षकांना आणि बचावपटूंना लिहा. आमच्या गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, पण ऐंशीच्या दशकात भारताच्या गोलपोस्टखाली कोण उभे असे, हे महाराष्ट्रातल्या किती तरुणांना सांगता येईल?

थेम्सपार:

मी इंग्लंडमध्ये राहतो, म्हणून परदेशाविषयी लिहितो. आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपन, म्हणजे पत्रासोबत पाठवायचे आणि तिथे तिकिटांसाठी बदलून घ्यायचे कूपन, ही १९०७ मध्ये सुरू झालेली सोय, पण ते बदलून घेण्यासाठी ऐंशी वर्षांच्या माणसाला टपाल कार्यालयात जावे लागते. त्यापेक्षा त्या देशाचे तिकीटच पाकिटावर लावून पाठवावे. इथे राणीच्या चित्राची, बारकोड नसलेली नेहमीची तिकिटे २०२३ पासून चालत नाहीत, तेव्हा कोणी जुनी तिकिटे दिली तर तपासून घ्या. जर्मनीत क्लब स्वाक्षरीसाठी खास कार्डे छापतात आणि तिथल्या टपालखात्याच्या संकेतस्थळावरून तिकीट विकत घेऊन आपल्या घरी छापता येते.

मात्र एक गोष्ट फार जपून करावी लागते. १९६६ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या अंतिम सामन्यातील अकरांपैकी आता फक्त जेफ हर्स्ट हयात आहेत, आणि त्यांच्या सहकाऱ्यांपैकी नॉबी स्टाइल्स, रे विल्सन, मार्टिन पीटर्स, जॅक आणि बॉबी चार्लटन या पाच जणांना स्मृतिभ्रंश झाला होता. त्याच पिढीतील इंग्लंडचे आघाडीपटू जेफ ॲसल २००२ मध्ये गेले, तेव्हा चेंडूला सतत डोके लावल्याने झालेला हा व्यवसायजन्य आजार असल्याचा निष्कर्ष चौकशीत निघाला. आजाराची बातमी आली असेल, तर स्वाक्षरी मागू नये. हवे तर नुसते आभाराचे पत्र लिहावे आणि परतीचे पाकीट जोडू नये.

माझ्याकडून एकदा अजाणता चूक झाली. कार्ड परत आले त्यावर आडनावाचे शेवटचे अक्षर रेषेखाली घसरत गेले होते आणि मागे पत्नीने पेन्सिलीने लिहिले होते, की सही करायला त्यांना वीस मिनिटे लागली. ते कार्ड मी कोणाला दाखवत नाही.

करवीरवासी:

सर्वांचा मनापासून आभारी आहे. घरच्या पत्त्यांची यादी आज बाजूला ठेवली. यापुढे क्लबमार्फतच लिहीन. शेवटचे विचारतो: आलेली कार्डे कशी जपावीत? आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते.

टपालप्रेमी_पुणे:

लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा सोडवता येत नाही. चिकट पानांचे अल्बम आणि पीव्हीसीची पाकिटेही नकोत. पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात एकेक कार्ड वेगळे ठेवावे. मार्करची शाई उजेडाने फिकी पडते, म्हणून भिंतीवर मूळ कार्डाऐवजी त्याची प्रत लावावी. खोका बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात न ठेवता आतल्या बाजूला ठेवावा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि पावसाळा संपल्यावर एकदा सगळे उघडून पाहावे. कार्डाच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, आल्याची तारीख लिहावी आणि सोबत आलेले पाकीटही जपावे, कारण त्यावरच्या टपालशिक्क्यावरून कार्ड कोठून आणि केव्हा आले ते पुढेही कळते.

आणि ते कोरे कार्ड दुसऱ्या कोणाला पाठवू नका. त्या मुलीच्या पत्रासोबत त्यालाही एक पाकीट करा.