ऊसबिलातले ४० हजार उरलेत: सोनं, पतसंस्था की भिशी?

करवीर_०९: राम राम मंडळी. सोसायटीची कपात जाऊन ४०,००० हातात आहेत. जूनमध्ये पोरांच्या फीला १५,००० लागतील, बाकीचे तीन वर्षं नाही लागले तरी चालतंय. घरात म्हणतात गुजरीत (सराफ बाजारात) जाऊन साज (गळ्यातला कोल्हापुरी दागिना) करा. गल्लीतली पतसंस्था बँकेपेक्षा दोन टक्के जास्त देतीय. मित्राची २० जणांची लिलाव भिशीपण हाय, म्हणजे दरमहा सगळ्यांनी पैसे टाकायचे आणि सगळ्यात कमी रक्कम घ्यायला तयार असेल त्यानं उचलायची. काय करावं?

गंगावेस_हिशोब: साज अंगावर घालायला करा, गुंतवणूक म्हणून नको. मजुरी १२ टक्के धरा, वर जीएसटी ३ टक्के. ४०,००० दिलेत तर सोन्याचे पडतात साधारण ३४,७००. म्हणजे भाव पंधरा टक्के वाढला तरच तुम्ही जिथल्या तिथं. शिवाय साजाच्या मण्यांत लाख असते, मोडताना तिचं वजन वजा होतं. घ्यायचंच असेल तर हॉलमार्कचं वेढणं (सोन्याची साधी वळ्याची अंगठी) घ्या, मजुरी अगदी किरकोळ. पावतीवर निव्वळ वजन वेगळं लिहून घ्या आणि सहा अक्षरी एचयूआयडी नंबर (दागिन्यावरचा हॉलमार्कचा ओळख क्रमांक) दुकानातच बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा.

ठेवपावती: पतसंस्थेच्या दोन टक्क्यांचं गणित आधी मांडा. २५,००० वर वर्षाला ५०० रुपये जादा, आणि त्यासाठी सगळं मुद्दल टांगणीला. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या बँकेत, सहकारी असली तरी, एका ठेवीदाराला सगळ्या शाखा मिळून व्याजासकट ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेच्या ठेवीला तो नाही. बोर्डावर 'सहकारी' दोन्हीकडं असतंय, फसगत तिथंच होते.

फीचे १५,००० पाच-पाच हजारांच्या तीन पावत्या करून बँकेत ठेवा, मुदत मेअखेर संपेल अशी. मध्येच गरज पडली तर एकच मोडता येते. पोस्टाच्या मुदत ठेवीत हे पैसे घालू नका, सहा महिन्यांच्या आत ती मोडताच येत नाही.

करवीर_०९: आणि भिशी? आणखी एक सांगायचं राहिलं, ६०,००० चं सोनेतारण हाय, साडेदहा टक्क्यानं.

गंगावेस_हिशोब: हे आधी सांगायचं की ओ! मग प्रश्नच मिटला. २५,००० तारणात भरले की वर्षाचं २,६२५ व्याज वाचतं. ठेवीला सात टक्के धरले तरी १,७५० च मिळतील. भरताना थकीत व्याज आधी वळतं होतं, म्हणून व्याजाचा आकडा विचारून तेवढी रक्कम वर भरा आणि मुद्दल किती उरलं ते पावतीवर घ्या. सगळे दागिने एकाच खात्यात असतील तर थोडे सोडवून मिळतीलच असं नाही. मुदतीची तारीखपण बघून ठेवा, ती चुकली की लिलावाची नोटीस.

ठेवपावती: भिशीत २० जणांचे दोन-दोन हजार, म्हणजे ४०,०००. एखाद्यानं ३२,००० ला उचलली की उरलेले ८,००० वाटून प्रत्येकाला ४००. दिसायला झकास. पण पहिल्याच महिन्यात उचलणाऱ्यानं पुढचे १९ हप्ते भरायचे असतात, आणि हातात कागद काहीच नसतो. शेवटी उचलणारा सगळ्यांच्या भरवशावर बसलेला असतो. मित्राला चहा पाजा, भिशी नको.

करवीर_०९: सोमवारी तारणाचं बघतो. साजाचं घरात तुम्हीच येऊन सांगा.