पोटरी-पावलाचे स्नायू पाठ होतात, पण टिकत नाहीत. अभ्यास कसा करावा?

नवी_पालवी
नमस्कार. फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे. खांदा, हात, मांडी इथवर नीट चाललं होतं. गुडघ्याखाली उतरले आणि गाडी अडली. गुडघा ते घोटा 13 स्नायू, त्यानंतर पावलातले वेगळे. उगम, शेवट, नर्व्ह, काम असा चार रकान्यांचा तक्ता करून भिंतीवर लावला आहे. रोज वाचते. दोन दिवसांनी कुणी विचारलं की लाँगस (लांब) कुठला आणि ब्रेव्हिस (आखूड) कुठला याचा गोंधळ होतो.

मागच्या तोंडी परीक्षेत सरांनी घोट्याच्या आतल्या हाडामागे बोट ठेवलं आणि विचारलं, "इथून पुढून मागे काय काय जातं?" नावं सगळी आली, क्रम एकही बरोबर आला नाही. फार वाईट वाटलं, कारण मेहनत केली होती.

कोणत्या प्रकारचं पुस्तक किंवा ॲप घ्यावं? आधी काय वाचावं, नंतर काय? आणि तळव्याचे चार थर तुम्ही कसे लक्षात ठेवलेत? ज्यांनी हे शिकलं किंवा शिकवलं आहे त्यांनी कृपया सांगावं.

लांबपल्ला
मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, लांब अंतर धावतो. पायाच्या दुखण्यांमुळे हे सगळं वाचावं लागलं. थ्रीडी ॲपचा मला खूप फायदा झाला. मॉडेल फिरवता येतं, वरचा स्नायू काढून खालचा बघता येतो. पोटरी म्हणजे एकच स्नायू असं मी समजत होतो. गॅस्ट्रोक्निमियस बाजूला केल्यावर खाली तेवढाच रुंद सोलिअस दिसला तेव्हा चकित झालो.

शारीर_शिकवणारा
पालवी, तुमची मेहनत कमी पडलेली नाही, ती तक्त्यात अडकली आहे. अनेक वर्षं हा विषय शिकवतो आहे. पायाच्या बाबतीत तक्ता ही शेवटची पायरी असावी, पहिली नाही.

आधी फक्त एक गोष्ट शिका: कंडरा (टेंडन, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) घोट्याला कुठून ओलांडते. पुढून गेली तर पाऊल वर ओढते, मागून गेली तर खाली दाबते. आतल्या बाजूने गेली तर तळवा आत वळवते, बाहेरून गेली तर बाहेर. एवढ्यावर चार कोपरे तयार होतात. पुढे-आत टिबियालिस अँटिरिअर, मागे-आत टिबियालिस पोस्टिरिअर, मागे-बाहेर पेरोनिअस लाँगस आणि ब्रेव्हिस, पुढे-बाहेर पेरोनिअस टर्शिअस. या पाच स्नायूंची कामं आता तुम्हाला पाठ करावी लागणार नाहीत, रस्ता आठवला की काम आपोआप सांगता येईल. (1998 च्या आंतरराष्ट्रीय परिभाषेपासून पेरोनिअसला फिब्युलॅरिस म्हणतात. परीक्षेत दोन्ही नावं कानावर पडतील, दचकू नका.)

मग कप्पे. नळीत, म्हणजे गुडघा ते घोटा या भागात, पुढचा कप्पा, बाहेरचा कप्पा आणि मागचा कप्पा. मागच्याचे दोन मजले, वरवरचा आणि खोल. पुढे 4, बाहेर 2, मागे वर 3, मागे खोल 4. झाले तुमचे 13. नर्व्हचा रकाना तर पुसूनच टाका, कारण एका कप्प्याला एक नर्व्ह: पुढे डीप पेरोनिअल, बाहेर सुपरफिशिअल पेरोनिअल, मागे दोन्ही मजल्यांना टिबिअल. 13 ओळींच्या जागी तीन.

आता तुमच्या सरांचा प्रश्न. पुस्तक मिटा, बूट-मोजे काढा. उजवा घोटा डाव्या गुडघ्यावर ठेवून बसा, म्हणजे आतलं हाड वर येईल. त्या हाडाच्या अगदी मागच्या कडेला बोट टेकवा. बोटं खाली ताणून तळवा आत वळवा. बोटाखाली एक जाड दोरी टचकन उठेल, ती टिबियालिस पोस्टिरिअर. पाऊल सैल सोडा, बोट किंचित मागे सरकवा आणि फक्त पायाची लहान बोटं दुमडा. ही हालचाल बारीक असते, दोन-तीनदा करून बघा. हा फ्लेक्सर डिजिटोरम लाँगस. आणखी मागे, हाड आणि टाच यांच्या साधारण मध्यावर, बोट हलकं ठेवा आणि थांबा. नाडी लागेल. त्या धमनीच्या मागे टिबिअल नर्व्ह, आणि सगळ्यात मागे, खोल, अंगठा दुमडल्यावर जे सरकतं ते फ्लेक्सर हॅल्युसिस लाँगस.

क्रमासाठी मी मुलांना सांगतो: टिळा, डोळा, आणि नाक, हनुवटी. टिबियालिस, डिजिटोरम, आर्टरी, नर्व्ह, हॅल्युसिस. चेहऱ्यावर वरून खाली उतरता तसं घोट्यावर पुढून मागे जा. शिरा आर्टरीच्या सोबत असतात.

नवी_पालवी
सर, आत्ता करून पाहिलं. पहिली दोरी लगेच सापडली!! नाडी सापडायला वेळ लागला, मी जास्त दाबत होते. टिळा-डोळा मैत्रिणीलाही पाठवते.

रेघोट्या
मी चित्रकार, माणसाचं शरीर काढायला शिकवते. आमच्याकडे हा विषय त्वचेच्या बाहेरून शिकतात, तुम्हालाही उपयोग होईल असं वाटतं.

धुता येईल असा स्केचपेन घ्या आणि स्वतःच्या पायावर काढा. पाऊल वर ओढा, घोट्याच्या पुढे आतल्या अंगाला जी ठळक दोरी दिसते ती टिबियालिस अँटिरिअर. आता फक्त अंगठा वर करा, तिच्या बाहेरच्या बाजूला दुसरी दोरी उठते. बाकीची चार बोटं उचला, पावलाच्या पाठीवर पंखा उघडतो. प्रत्येकीवर वेगळ्या रंगाची रेघ ओढून ती नडगीवर जिथपर्यंत जाणवते तिथपर्यंत न्या.

बोटं वर केलीत की बाहेरच्या घोट्याच्या जरा पुढे एक मऊ उंचवटा फुगतो, तोही रंगवा. तो एक्स्टेन्सर डिजिटोरम ब्रेव्हिस. पावलाच्या पाठीवरचं मांस म्हणजे हाच आणि त्याला चिकटलेला अंगठ्याचा एक्स्टेन्सर हॅल्युसिस ब्रेव्हिस. माझ्या एका विद्यार्थिनीला ती सूज वाटली होती आणि ती घाबरली होती.

तळव्यासाठी ट्रेसिंग पेपरचे चार कागद. पावलाच्या हाडांचं एक चित्र खाली ठेवायचं, सगळ्यात खोल थरापासून सुरुवात करून एकावर एक कागद चढवत जायचं. पुस्तकं वरून खाली जातात, मी हाडापासून वर येते. हाडाला काय चिकटलं आहे हे माहीत असलं की वरचा थर कशावर पसरला आहे ते कळतं.

शारीर_शिकवणारा
रेघोट्या ताईंची ट्रेसिंगची कल्पना उत्तम. त्या उंचवट्याबद्दल: पाय मुरगळलेल्या माणसात डॉक्टरांनाही तो कधी कधी फसवतो, म्हणून दोन्ही पाय शेजारी ठेवून तुलना करावी.

रात्रपाळी
फिजिओथेरपिस्ट आहे, शिकून झालं त्याला बराच काळ लोटला. थोडं वेगळं मत मांडतो. तक्ता फाडू नका. पहिल्या वर्षाच्या लेखी परीक्षेत उगम आणि शेवट शब्दशः लागतात. सकाळी पायावर शिकायचं आणि रात्री कोरा तक्ता न बघता भरायचा, असं केलं तर दोन्ही साधतं. वाचणं आणि आठवून लिहिणं यात फार फरक आहे, मला तो उशिरा कळला.

ॲपबद्दल सावधगिरी. मॉडेलमध्ये प्रत्येक स्नायू चकचकीत लाल, सुटा, स्पष्ट कडांचा असतो. डिसेक्शन टेबलावर तसं काही दिसत नाही, सगळं एकाच रंगाचं आणि आवरणांनी एकमेकांना जोडलेलं. म्हणून एखादा खऱ्या विच्छेदनाच्या फोटोंचा ॲटलास सोबत असू द्या. चित्रांचा एक, फोटोंचा एक. तिसरं पुस्तक घेऊ नका, त्यात वेळ जातो.

तळव्याचे थर मी आकड्यांवर धरले: 3, 5, 3, 7. पहिला थर: अंगठ्याचा ॲबडक्टर (बाजूला नेणारा), मध्ये फ्लेक्सर डिजिटोरम ब्रेव्हिस, करंगळीचा ॲबडक्टर. दुसरा: क्वाड्रेटस प्लांटी आणि 4 लंब्रिकल (बोटांचे बारीक स्नायू). तिसरा: अंगठ्याचा छोटा फ्लेक्सर (दुमडणारा), अंगठ्याचा ॲडक्टर (जवळ ओढणारा), करंगळीचा छोटा फ्लेक्सर. चौथा: 7 इंटरऑसिआय (हाडांच्या मधले स्नायू), तळव्याकडचे 3 आणि पाठीकडचे 4. नर्व्ह सोपी: मिडिअल प्लांटर फक्त चार ठिकाणी जाते (अंगठ्याचा ॲबडक्टर, फ्लेक्सर डिजिटोरम ब्रेव्हिस, अंगठ्याचा छोटा फ्लेक्सर, पहिला लंब्रिकल). उरलेलं सगळं लॅटरल प्लांटरचं.

इंटरऑसिआयची कामं हातासारखीच, मधल्या बोटाला अक्ष धरून.

शारीर_शिकवणारा
रात्रपाळी, एक दुरुस्ती. हातात अक्ष मधल्या बोटातून जातो, पावलात दुसऱ्या बोटातून. म्हणून पावलाच्या दुसऱ्या बोटाला पाठीकडचे दोन इंटरऑसिआय मिळतात आणि तळव्याकडचा एकही नाही. तळव्याकडचे तीन तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या बोटाला जातात. तोंडी परीक्षेत हमखास विचारलं जातं.

रात्रपाळी
बरोबर, माझी चूक. धन्यवाद सर. पालवी, दुसरं बोट लिहून घ्या.

नृत्यवेडी
फ्लेक्सर हॅल्युसिस लाँगसबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आम्ही चवड्यावर, अंगठ्यावर तासन् तास उभ्या राहतो, आणि घोट्याच्या मागे आतल्या बाजूला जे दुखतं ते बहुतेकदा टाचेचं म्हणून सोडून दिलं जातं. माझं दुखणं अंगठ्याच्या या टेंडनचं निघालं. फिजिओ ताईंनी मला दाखवलं की हा स्नायू फिब्युलावरून, म्हणजे नळीच्या बाहेरच्या हाडावरून निघतो आणि जातो पार आतल्या अंगठ्याला. लहान बोटांचा फ्लेक्सर निघतो आतल्या टिबियावरून आणि जातो बाहेरच्या बोटांना. मग तळव्यात दोघांना एकमेकांना ओलांडावंच लागतं. हे कळल्यावर दोन्ही नावं मी कधी विसरले नाही.

शारीर_शिकवणारा
फार छान सांगितलंत. त्याच धाग्याला धरून पुढे जातो, कारण दुसऱ्या थराचं मर्म तिथेच आहे. लहान बोटांचा लांब फ्लेक्सर आतल्या घोट्यामागून येतो, म्हणून तळव्यात तो तिरका जातो. तिरक्या दोरीने बोटं ओढली तर ती आतल्या बाजूला वळून दुमडतील. टाचेच्या हाडावरून क्वाड्रेटस प्लांटी निघतो, त्याच कंडरेला चिकटतो आणि तिला मागे, टाचेकडे ओढून धरतो. ओढ सरळ होते. आणि लंब्रिकल हाडावरून निघतच नाहीत, ते याच कंडरेच्या फांद्यांवरून निघतात. दुसरा थर म्हणजे एका लांब कंडरेभोवती जमलेली मदतनीस मंडळी, असा बघा.

चौथ्या थरातही दोन पाहुण्या कंडरा आहेत, पेरोनिअस लाँगस आणि टिबियालिस पोस्टिरिअर. पेरोनिअस लाँगस बाहेरच्या घोट्यामागून येऊन क्यूबॉइड हाडाच्या खाचेतून तळव्याखाली शिरते आणि तिरकी जात पहिल्या मेटाटार्सलच्या (अंगठ्यामागच्या लांब हाडाच्या) बुडाशी आणि मिडिअल क्युनिफॉर्मवर संपते. टिबियालिस अँटिरिअर या थरातली नाही, पण आतल्या बाजूने उतरून त्याच दोन हाडांवर येते. पेरोनिअस लाँगस आणि ती, दोघी मिळून पावलाला खालून रिकिबीसारख्या धरतात. सांगाडा मिळाला तर दोन रंगांच्या सुतळ्या चिकटपट्टीने लावून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

लांबपल्ला
सोलिअसबद्दल एक विचारतो. टाचा उचलण्याचा व्यायाम मला गुडघा वाकवून करायला सांगितला आहे. का?

रात्रपाळी
गॅस्ट्रोक्निमियस मांडीच्या हाडावरून निघतो, म्हणजे गुडघाही ओलांडतो. गुडघा वाकवला की तो सैल पडतो आणि त्याची ताकद घटते. सोलिअस गुडघ्याखालूनच निघतो, त्याला गुडघ्याशी घेणंदेणं नाही, त्यामुळे भार त्याच्यावर येतो. दोघांचीही शेवटची कंडरा एकच, अकिलिस. पालवी, उभं राहून आणि बसून टाचा उचला आणि दर वेळी पोटरीला हात लावा. उभं असताना वरचे दोन गोळे कडक होतात, बसल्यावर ते मऊ राहतात आणि त्यांच्या कडेने, खालच्या भागात घट्टपणा जाणवतो.

नवी_पालवी
आठवडाभराने लिहिते आहे. तक्ता भिंतीवरून काढला, आता रात्री कोऱ्या कागदावर भरते. ट्रेसिंगचे दोन कागद झाले, चौथा थर आणि तिसरा. तिसऱ्यात अंगठ्याच्या ॲडक्टरची दोन डोकी, एक तिरकं आणि एक आडवं, काढताना पहिल्यांदा नीट दिसली. मैत्रीण आणि मी रोज एकमेकींच्या घोट्यावर बोट ठेवून विचारतो. काल तिने फिब्युलाच्या डोक्याखाली बोट फिरवलं आणि मला पावलाच्या पाठीपर्यंत झिणझिण्या गेल्या. ती कॉमन पेरोनिअल नर्व्ह ना?

आणि प्लांटॅरिस कुठे हाताला लागत नाही. मी काही चुकते आहे का?

शारीर_शिकवणारा
हो, तीच. फिब्युलाच्या मानेला वळसा घालते तिथे ती कातडीच्या अगदी खाली असते. तिथे मार बसला किंवा घट्ट प्लास्टरने दाब आला की पाऊल वर उचलता येत नाही, म्हणून ती जागा ओळखता येणं तुमच्या कामाचं आहे. फार जोरात फिरवू नका.

प्लांटॅरिसमध्ये तुमची चूक नाही. त्याचं पोट बोटभर लांब, गुडघ्यामागे गॅस्ट्रोक्निमियसच्या बाहेरच्या डोक्याखाली दडलेलं. काही लोकांत तो नसतोही. त्याची कंडरा मात्र लांब आणि दोऱ्यासारखी बारीक, गॅस्ट्रोक्निमियस आणि सोलिअसच्या मधून आतल्या बाजूने टाचेपर्यंत उतरते. डिसेक्शनच्या टेबलावर नवे विद्यार्थी तिला नर्व्ह समजतात. ती दिसली की चिमट्यात धरून वरच्या दिशेने माग काढत जा. वर मांसात शिरली तर प्लांटॅरिस.