लॉनमध्ये पिवळे चट्टे: ही हुमणीच का?

कोथरूडची काकू:
सोसायटीचं लॉन गेली ९ वर्षं मी जिवापाड जपलंय. गेल्या आठवड्यात दोन सरी पडल्या, हिरवंगार झालं, आणि परवा बघते तर कोपऱ्यात परातीएवढा पिवळा चट्टा! आज चटईएवढा झालाय. माळीदादा म्हणतात, हुमणी, म्हणजे मातीतली अळी. मी उकिडवी बसून मूठभर गवत ओढून पाहिलं. मुळं घट्ट, पाती मात्र कुरतडलेली. साळुंक्यांची सकाळपासून जत्रा. औषध मारवत नाही हो, संध्याकाळी पोरं तिथेच लोळतात.

भोरचा भातवाला:
मग हुमणी नाही काकू. ती मुळं खाते, गवत सतरंजीसारखं उचलून हातात येतं. ही लष्करी अळी वाटते, स्पोडोप्टेरा मॉरिशिया. आमच्याकडे तरव्यावर, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेवर पडते. रात्री चरते, दिवसा मुळाशी नाहीतर मातीत दडते. आम्ही तरव्यात पाणी तुंबवतो. अळ्या वर येतात, बगळे टिपतात. तुम्ही बादलीभर पाण्यात थोडा भांड्यांचा साबण कालवून चट्ट्याच्या कडेला ओता. मध्ये नको, तिथलं संपवून त्या पुढे सरकलेल्या असतात.

कोथरूडची काकू:
ओतलं. अगंबाई! हातभर जागेत १७ मोजल्या. राखाडी-हिरव्या, पाठीवर दोन्हीकडे काळ्या चंद्रकोरींची रांग. काडी लावली की वेटोळं करून पडतात. पण आल्या कुठून?

दिव्याखालचा:
चंद्रकोरी म्हणजे तीच. पतंग करडा, दिव्यावर येणारा. भारतापासून आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलियापर्यंत याचं राज्य. हवाई बेटांवर १९५३ मध्ये सापडला आणि तिथल्या लॉनवाल्यांच्या मागे लागला. गंमत म्हणजे अळी गवत खाणारी, पण मादी अंडी गवतावरच घालेल असं नाही. दिव्याजवळची भिंत, झाडाची पानंही चालतात. पुंजका घालते आणि वर स्वतःच्या अंगाची लव पांघरते. पार्किंगचा दिवा बघून या.

कोथरूडची काकू:
ते पिवळट लोकरीसारखे डाग! मी बुरशी समजून वॉचमनला चुना मारायला सांगणार होते. जुन्या उलथन्याने खरवडून साबणाच्या पाण्यात बुडवले, ५ निघाले. अळ्या रोज संध्याकाळी वेचतेय, उरलेल्या साळुंक्यांच्या. रात्री १० नंतर तो दिवा बंद ठेवा म्हटलं, तर कमिटीत भांडण. तिसऱ्या मजल्यावरचे म्हणतात, गवतासाठी आम्ही अंधारात स्कूटर लावायची का?

भोरचा भातवाला:
काकू, वेचलेल्या फेकू नका. आमच्या कोंबड्यांना चालतील.