मदत हवी आहे: मेमरी शिल्लक असूनही नवीन प्रोसेस सुरू होत नाही (लिनक्स)

नमस्कार. १६ जीबी रॅमच्या एका लिनक्स सर्व्हरवर आमच्या ग्रंथालयातील जुन्या नियतकालिकांची शोधसूची तयार करणारा पायथन ३.८ मधील प्रोग्राम चालतो. काम भरात आले की तो सुमारे ९ जीबी मेमरी व्यापतो. सूचीचा एखादा भाग पूर्ण झाला की त्याची फाइल लहान करण्यासाठी तो जीझिप हा वेगळा प्रोग्राम सुरू करू पाहतो आणि नेमका तिथेच 'कॅनॉट अलोकेट मेमरी' असा एरर येऊन थांबतो. त्या वेळी पाच जीबीहून अधिक मेमरी उपलब्ध दिसते आणि ४ जीबीच्या स्वॅपला (रॅम अपुरी पडल्यास वापरायच्या डिस्कवरील जागेला) तर हातही लागलेला नसतो.

पूर्वी मेमरी खरोखरच संपली की कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) ओओएम किलर, म्हणजे अशा वेळी एखादी प्रोसेस बंद पाडणारी यंत्रणा, डेटाबेसचा बळी घेत असे, म्हणून प्रोसेसना किती मेमरी देऊ करायची हे ठरवणारे 'ओव्हरकमिट मेमरी' हे सेटिंग आम्ही ० वरून २ केले. तेव्हापासून ही अडचण आहे. मेमरीची स्थिती दाखवणाऱ्या मेमइन्फो फाइलमध्ये 'कमिट लिमिट' (किती मेमरी देऊ करता येईल याची मर्यादा) सुमारे १२ जीबी आणि 'कमिटेड एएस' (आतापर्यंत देऊ केलेली मेमरी) सुमारे साडेदहा जीबी दिसते.

माझ्या माहितीप्रमाणे फोर्क करताना, म्हणजे चालू प्रोसेसपासून (पेरेंट) नवी प्रोसेस (चाइल्ड) तयार करताना, मेमरीची प्रत निघत नाही. पेरेंट आणि चाइल्ड मेमरीची तीच पेजेस (४ केबीचे तुकडे) वाटून घेतात आणि कोणी लिहिले तरच त्या एका पेजची प्रत निघते. मग एवढ्याशा जीझिपसाठी नकार का मिळावा? सेटिंग पुन्हा ० न करता काही मार्ग आहे का?

प्रतिसाद १
आपली माहिती प्रत्यक्ष रॅमपुरती बरोबर आहे. परंतु सेटिंग २ असताना कर्नल दिलेल्या वचनांचा हिशेब ठेवतो. त्यांतली किती पेजेस खरोखर वापरात आली, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. फोर्कनंतर लगेच जीझिप सुरू होणार आहे हे त्याला ठाऊक नसते, आणि चाइल्डने सगळ्या पेजेसवर लिहिले तर तितकी मेमरी द्यावी लागेल म्हणून तो पूर्ण ९ जीबी आधीच खात्यावर मांडतो. साडेदहा आणि नऊ मिळून साडेएकोणीस होतात, तर मर्यादा १२ ची आहे, म्हणजे स्वॅप अधिक रॅमचे ५० टक्के.

पायथन ३.१० पासून इतर प्रोग्राम सुरू करणारे सबप्रोसेस मॉड्यूल लिनक्सवर शक्य तिथे व्हीफोर्क वापरते. त्यात चाइल्ड काही क्षण पेरेंटचीच ॲड्रेस स्पेस (प्रोसेसच्या वाट्याची मेमरी) वापरते, त्यामुळे खात्यावर नवा भार चढत नाही. अपग्रेड शक्य नसेल तर स्वॅप ८ जीबीने वाढवावा. तो बहुधा रिकामाच राहील, पण मर्यादा २० जीबीपर्यंत जाईल. 'ओव्हरकमिट रेशो' (मर्यादेत रॅमचे किती टक्के धरायचे ते) ८० केला तरी मर्यादा १७ च्या आतच राहते, आणि १०० केला तर कर्नलच्या स्वतःच्या गरजेसाठी काही राखून न ठेवल्यामुळे ओओएम किलर परत येण्याची भीती आहे.

धागाकर्ता
मनापासून आभार. अपग्रेड करता येईल. जीझिपची प्रायॉरिटी कमी करण्यासाठी आम्ही 'प्रीएक्झेक फंक्शन' (नवा प्रोग्राम सुरू होण्याआधी चाइल्डमध्ये चालणारे फंक्शन) वापरतो. त्याने काही बिघडेल का?

प्रतिसाद १
हो, ते दिले असेल तर पायथन पुन्हा साध्या फोर्ककडेच वळते. ते काढून टाकावे आणि जीझिप थेट प्रायॉरिटी कमी करणाऱ्या 'नाइस' कमांडमार्फत सुरू करावे.