मदत हवी आहे : जीएसटीआर-१ आणि ई-वे बिल यांची जुळणी चुकते आहे

नोंदवही
करविभागाच्या एका अन्वेषण शाखेत मी कंत्राटी विश्लेषक आहे. भंगार लोखंडाच्या बोगस बिलांचे एक प्रकरण हाती असून, विक्रेत्यांनी जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्रात, दाखवलेली बिले मी ई-वे बिलांशी, म्हणजे मालवाहतुकीसाठी काढायच्या ऑनलाइन दस्तऐवजांशी, जुळवली. ४१२ बिलांना ई-वे बिल सापडले नाही, आणि तशी यादी मी साहेबांना दिली. काल त्या यादीतला एक छोटा कारखानदार आला आणि त्याने ई-वे बिल, वजनकाट्याची पावती, ट्रकचा क्रमांक असे सगळे टेबलावर मांडले. ते ई-वे बिल माझ्याकडच्या माहितीतही आहे, तरी जुळणीत येत नाही. सोमवारी ही यादी कारणे दाखवा नोटिशीच्या मसुद्याला जोडली जाणार आहे. सूत्र मी तीनदा तपासले आहे. चूक कुठे असेल, हे कृपया लवकर सांगावे.

सह्यकडा
बिलांच्या रकमा तुम्ही लिहिलेल्या नाहीत. ई-वे बिलाची सर्वसाधारण मर्यादा ५० हजार रुपये असली तरी महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल जात असेल तर ती १ लाख आहे, त्यामुळे खालची बिले यादीत आली असतील तर ती मुळातच काढायला हवीत. जुळणी नेमकी कोणत्या रकान्यांवर केली? आणि माहिती किती वर्षांची आहे?

नोंदवही
मर्यादा अर्थातच लावली आहे. जुळणी जीएसटी क्रमांक आणि बिल क्रमांक यांवर केली आहे, ती आणखी कशावर करणार? माहिती तीन आर्थिक वर्षांची आहे.

विदामित्र
एक्सेल सोडून द्या. सर्व विक्रेते व खरेदीदार बिंदू मानून पायथनमध्ये जाळे उभे करा, म्हणजे क कडून ख, ख कडून ग आणि ग कडून पुन्हा क असे फिरणारे व्यवहार काही मिनिटांत दिसतील. मी बँकेतील फसवणुकीच्या कामात हेच करतो. एकेक बिल जुळवत बसण्यात वेळ जातो.

जुनी फाईल
विदामित्र यांच्याशी मी असहमत आहे. जाळ्याच्या चित्रावरून कुठे शोध घ्यायचा हे कळते, पण नोटिशीला उत्तर देणारा माणूस विचारतो की माझे कोणते बिल खोटे आहे. जीएसटीआधीच्या व्हॅटच्या काळात विभागाने संशयित विक्रेत्यांच्या याद्या जाहीर केल्या होत्या. त्यांच्याकडून खरा माल घेतलेल्या व्यापाऱ्यांना तो माल खरा होता हे सिद्ध करताना किती हाल सोसावे लागले, ते मी टेबलाच्या अलीकडून पाहिले आहे. म्हणून एकेक बिल जुळवावेच लागते. ट्रकचा क्रमांक नोंदणीत शोधा, फास्टॅगच्या नोंदीत तो टोलनाक्यावरून गेला का ते पाहा. ट्रक म्हणून दिलेला क्रमांक दुचाकीचा निघाला, तर त्या एका ओळीला दहा आलेखांइतके वजन असते.

विदामित्र
इतके ट्रक हाताने कोण तपासणार? आधी जाळे, मग ट्रक, एवढेच माझे म्हणणे आहे.

पावती
मी व्यापारी आहे. अशाच एका यादीत नाव आल्यामुळे जीएसटीच्या नियम ८६अ खाली माझे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अडवले गेले. हे निर्बंध वर्षभरानंतर आपोआप संपतात, पण ते वर्ष मी कर्ज काढून ढकलले. यादी करणाऱ्याने प्रत्येक ओळ स्वतःच्या दुकानाची आहे असे समजून तपासावी, एवढीच विनंती आहे.

सह्यकडा
पावती यांचे दुःख खरे आहे, पण आधी प्रश्न सोडवू. नोंदवही, तीन गोष्टी सांगा. मूळ फाइल सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची, होती का, आणि ती तुम्ही डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली का? ई-वे बिलातील कोणता जीएसटी क्रमांक घेतला, माल पाठवणाऱ्याचा की ई-वे बिल तयार करणाऱ्याचा? ते खरेदीदार किंवा वाहतूकदारही काढू शकतो. आणि आर्थिक वर्षाचा रकाना जुळणीत आहे का? बिल क्रमांक फक्त एका आर्थिक वर्षापुरताच अनन्य असतो.

नोंदवही
हो, डबल क्लिक करूनच उघडली. क्रमांक माल पाठवणाऱ्याचाच आहे. वर्षाचा रकाना जुळणीत नाही.

सह्यकडा
मग त्या कारखानदाराचे बिल मूळ फाइलमध्ये नोटपॅडने उघडून पाहा. ०७-११ असा क्रमांक असेल तर एक्सेलने त्याची तारीख केली असेल, आणि ००४५ चे ४५ झाले असेल. फाइल पुन्हा आयात करून तो रकाना मजकूर म्हणून घ्या. सोळा अंकी बँक खाते क्रमांक असतील तर तेही पाहा, कारण एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच अचूक राहते आणि सोळावा अंक शून्य करते.

वकिलीबाजू
कोणी विचारले नसले तरी सांगतो. १ जुलै २०२४ पासून इलेक्ट्रॉनिक पुराव्याबाबतचे भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे आणि त्याच्या प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा डिजिटल ठसा, लिहावे लागते. जुन्या साक्ष्य कायद्यातील कलम ६५ब चे असेच प्रमाणपत्र आवश्यकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या प्रकरणात सांगितले होते. तुम्ही मूळ फाइलवरच बदल करून ती जतन केली असेल, तर प्रकरण न्यायालयात गेल्यावर अडचण येईल. शिवाय जीएसटी कायद्याच्या कलम १५८ चे गोपनीयतेचे बंधन आहे, तेव्हा येथे कोणत्याही पार्टीचे नाव किंवा क्रमांक टाकू नका.

नोंदवही
कारखानदाराचा बिल क्रमांक खरोखर ०७-११ होता आणि माझ्या तक्त्यात तो ७ नोव्हेंबर झाला होता. मजकूर म्हणून आयात करून, वर्षाचा रकाना घालून पुन्हा जुळवले, तेव्हा ४१२ ऐवजी १३८ बिले उरली. साहेबांना रविवारीच फोन करून जुनी यादी परत मागितली. तो कारखानदार तीन तास बाकावर बसून होता, हे मनातून जात नाही. मात्र मूळ फाइल मी त्याच नावाने पुन्हा जतन केली आहे. आता काय करावे?

वकिलीबाजू
ती पुसू नका, नावही बदलू नका. ज्या अधिकाऱ्याच्या लॉगिनवरून माहिती उतरवली त्यांच्याकडून ती नव्याने उतरवून घ्या, उघडण्याआधी हॅश काढा, आणि आधीच्या यादीत काय चुकले हे तारखेसह टिपणीत लिहून फाइलवर ठेवा.

जुनी फाईल
आणि त्या १३८ मधल्या ट्रकचे क्रमांक इतर नोंदींतून मिळतात का ते पाहा. खरेदीदारांच्या वजनकाट्याच्या वह्या उद्याच मागवा.