‘लागतं’ आणि ‘पाहिजे’ यांतच उत्तर आहे

इंग्रजीतले ‘मस्ट’ (must) आणि ‘हॅव टू’ (have to) दोन्ही म्हणजे ‘पाहिजे’च, मग फरक शिकवायचा कशाला, असं काही जण विचारतात. शिकवायलाच हवा, आणि तो मराठीतूनच छान कळतो.

मी नाशिकला सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या मुलांना संध्याकाळी इंग्रजी शिकवते. त्यांना सांगते, पहिल्या पाळीसाठी पाचला उठावं ‘लागतं’, कारण वेळ दुसऱ्याने ठरवलीय; तिथे ‘हॅव टू’. आईला आज फोन केलाच ‘पाहिजे’, हा स्वतःचा आग्रह, तिथे ‘मस्ट’. बोलताना ही सीमा पुसट होते, पण सुरुवातीला एवढं पुरतं.

भूतकाळात मात्र सांभाळा. ‘जावं लागलं’ म्हणजे गेलो: ‘हॅड टू गो’. ‘जायला पाहिजे होतं’ म्हणजे गेलोच नाही: ‘शुड हॅव गॉन’. मुलं दोन्हीकडे ‘हॅड टू’ लावतात आणि अर्थ उलटा होतो.

सगळ्यात जास्त वेळ मी नकारावर घालवते. ‘चालू मशीनला हात लावता कामा नये’ याचं एका मुलाने ‘यू डोन्ट हॅव टू टच’ केलं. म्हणजे लावायची गरज नाही, पण लावला तरी चालेल! तिथे ‘मस्ट नॉट’च हवं. अशी पाटी यंत्रावर लागली तर कुणाची तरी बोटं जातील.

आणि ऑडिटला सामोरं जाणाऱ्यांसाठी: आयएसओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या, मानकांत ‘शॅल’ म्हणजे बंधनकारक, ‘शुड’ म्हणजे शिफारस.